कोरा सोडलेला प्रश्न

गेट परीक्षेत 3 तासांत 65 प्रश्न सोडवायचे असतात, एकूण 100 गुणांचे. एका गुणाचा बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक तृतीयांश गुण कापतात, कोरा सोडला तर काहीच कापत नाहीत. त्यामुळे कोणता प्रश्न सोडून द्यायचा, हेही शिकावं लागतं. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी, 2018च्या हिवाळ्यात, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी ते शिकलो. मग तोच नियम माणसांनाही लावला.

समोरच्या टेबलावर राज्यसेवेची तयारी करणारी एक मुलगी बसायची. एका दुपारी लाइट गेली, सगळे बाहेर आले आणि आम्ही दोघं जिन्यात बसून पाऊण तास बोललो. लाइट आल्यावर उठताना ती म्हणाली, "उद्या चारला चहा घ्यायचा?" मी म्हणालो, "पेपर झाला की नक्की." फेब्रुवारीत पेपर झाल्यावर गेलो, तर तिच्या खुर्चीवर दुसरंच कुणी होतं. मला तिचं आडनावही माहीत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात माझ्या रूममेटने मला एक गोष्ट मागितली होती. दुसऱ्या वर्षाचं गणित, आमचं ते कुप्रसिद्ध एम-थ्री, अडकल्यामुळे तो एक वर्ष मागे राहिला होता. "दोन संध्याकाळी बसशील का? व्हेक्टर कॅल्क्युलस डोक्यातच शिरत नाहीये." मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. तो "बरं" म्हणाला. पुन्हा त्याने काही मागितलं नाही.

पुढे तो एका ज्युनिअरकडून शिकून पास झाला. मला आयआयटीत जाण्याइतका स्कोअर आला नाही, कॅम्पसमधून मिळालेली नोकरी धरली.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी 1976 साली 'मॉरल लक' या निबंधात चित्रकार गोगँचं काहीसं कल्पित उदाहरण घेतलं आहे. गोगँ बायकामुलांना सोडून चित्रं काढायला निघून जातो. त्याचं वागणं समर्थनीय होतं की नाही, हे तो निघतो तेव्हा ठरत नाही, पुढे तो मोठा चित्रकार होतो की नाही यावर ते अवलंबून राहतं. आपल्याकडे हा हिशेब घरोघरी चालतो. पोरगा पास झाला तर त्याने मित्र तोडले तो 'त्याग', नापास झाला तर 'ना इकडचा ना तिकडचा'.

पण विल्यम्स आणखी एक गोष्ट सांगतात. गोगँ यशस्वी झाला, तरी ज्यांनी त्याची किंमत मोजली त्यांच्यापुढे त्याला सबब मिळेलच असं नाही. मला माझे दोन प्रसंग इथे वेगळे होताना दिसतात. चहा नाकारला तो बहुतांशी माझा जुगार होता. हरलो, हळहळ वाटते, पण मी तिचं काही देणं लागत नव्हतो. रूममेटचं तसं नव्हतं. पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा माझी जर्नल्स त्याने पूर्ण केली होती. मी आयआयटीत गेलो असतो तरी त्याला दिलेलं उत्तर बरोबर ठरलं नसतं. आणि तो पास झाला म्हणूनही ठरत नाही.

म्हणजे मागेल त्याला वेळ द्यायचा का? नाही. वडिलांनी काढलेलं शैक्षणिक कर्जही माझ्यावर होतंच, अभ्यास हेसुद्धा कुणाचं तरी देणं असतं. मी "दोन नाही, रविवारी एक संध्याकाळ बसू" म्हणू शकत होतो. "या महिन्यात खरंच जमत नाही रे" असंही म्हणू शकत होतो. नकार देणं ही चूक नव्हती. त्याची मागणी मी विचार करण्याजोगी मानलीच नाही, ही चूक होती. प्रश्न वाचून सोडणं वेगळं आणि न वाचता पान उलटणं वेगळं.

गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. मला व्हॉट्सॲपवर पत्रिका आली, सगळ्या बॅचला आली तशी. मी गेलो. स्टेजवर त्याने बायकोशी ओळख करून दिली, "हा माझा कॉलेजचा रूममेट." त्यात काहीच चुकीचं नव्हतं. मित्र म्हणाला असता, तर मीच चपापलो असतो.