वज्रदेही वीराचें शौर्य

ग्रीक पुराणांत अकिलीस नांवाचा वीर आहे. आई थेटिस हिनें तान्हेपणीं त्याला स्टिक्स नदींत बुडवून अभेद्य केलें. हातांत धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली, नि पुढें बाण तेथेंच लागला. श्रोतेहो (वाचकहो म्हणायला हवें!), आम्ही विचारतों, ज्याला शस्त्र लागतच नाहीं, तो रणांत उभा राहिला यांत शौर्य तें कोणतें? टाचेपुरतेंच ना! ही नदीची गोष्ट पहिल्या शतकांतील रोमन कवि स्टेशियसची. होमराच्या इलियडांत ती नाहीं. तेथें अकिलीसच्या हाताला भाला चाटून जातो, रक्त येतें. हेक्टरला मारलेंस कीं लगेच तुझी पाळी, हें आई रडत रडत सांगते. तरी मारल्या गेलेल्या मित्रासाठीं तो उठतो, आणि तिनेंच आणलेलें चिलखत अंगावर चढवितो.