पोल जिंकल्यावर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या तीन वर्षांत पन्नासेक पोल झाले असतील. माझ्या लक्षात राहिले फक्त दोन. पहिला मी हरलो, दुसरा जिंकलो. हरलो तेव्हा मला संविधान आठवलं. जिंकलो तेव्हा आठवलं नाही.

पहिला पोल होता, 'बॅचलर भाडेकरूंकडे रात्री दहानंतर पाहुणे येऊ नयेत. सहमत की असहमत?' बिल्डिंगमध्ये आम्ही बॅचलर मोजून सात जण, दोन फ्लॅटमध्ये. निकाल ३८ विरुद्ध ७. कुठल्या सात जणांनी 'असहमत' दाबलं, हे वेगळं सांगायला नको. मी रागाने ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने तसं म्हटलंय, माझ्या घरी कोण किती वाजता येणार हे मतदानाला टाकायची गोष्ट नाही, वगैरे. त्यावर एक अंगठा आला, तोही माझ्या रूममेटचा. मग सेक्रेटरी काकांचं उत्तर आलं, "बेटा, इथे लोकशाही आहे. म्हणून तर पोल घेतला."

या वाक्याचा स्क्रीनशॉट मी कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. आम्ही बरेच दिवस त्यावर हसलो.

दुसरा पोल साधारण दीड वर्षाने आला. 'कामवाल्या मावश्या, डिलिव्हरीवाले व इतर कामगार यांनी मेन लिफ्ट वापरू नये. त्यांच्यासाठी सर्व्हिस लिफ्ट आहे.' ऑफिसचा कॉल चालू होता. नोटिफिकेशन आलं, मी बघितलं. सकाळी नऊला लिफ्टसाठी दहा मिनिटं थांबावं लागतं हे डोक्यात आलं आणि मी 'सहमत' दाबून परत कॉलमध्ये गेलो. सगळं मिळून तीन सेकंद. निकाल ४१ विरुद्ध ५.

पुढच्याच महिन्यात सर्व्हिस लिफ्ट बिघडली. कुठला तरी पार्ट यायचा होता म्हणून अकरा दिवस बंद राहिली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पन्नाशीच्या आहेत, आम्ही आठव्या मजल्यावर राहतो. त्या दाराशी येऊन भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मावशी, मेन लिफ्टने या की."

"नको दादा, वॉचमन ओरडतो. तुमच्या लोकांनी ठरवलंय म्हणे."

त्या लोकांत मी होतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

मग मला काकांचं वाक्य नीट ऐकू आलं. पोल घेतलाय ना? ४१ जणांना वाटतं, पाच जणांना वाटत नाही. बहुमत नाही तर मग लोकशाही म्हणजे काय? त्या वेळी मला हे हास्यास्पद वाटलं होतं, कारण मी सात जणांत होतो. आता एक्केचाळीसांत होतो आणि तेच वाक्य मला बऱ्यापैकी सोयीचं होतं.

कायद्यात उत्तर शोधायला गेलो तर फारसं काही हाती लागलं नाही. संविधानाचं कलम १५ (२) सांगतं की दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते अशा सार्वजनिक ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही. त्या यादीत सोसायटीची लिफ्ट नाही आणि कारणांमध्ये 'कामवाली असणं' नाही. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीला फक्त पारशांनाच सभासद करून घ्यायची मुभा दिली. सहकारी सोसायटी म्हणजे सरकार नव्हे, ती आपले नियम करू शकते, असा साधारण युक्तिवाद. म्हणजे आमचा लिफ्टचा नियम कदाचित कोर्टात टिकेलही.

पण त्या यादीतल्या 'तलाव' या शब्दापाशी मी अडकलो. विहिरी, तलाव, घाट, रस्ते. देशाच्या संविधानात इतक्या रोजच्या गोष्टींची नावं घ्यावी लागली, याला कारण होतं. आणि त्यातलं एक कारण पुण्यापासून काही तासांवर आहे.

महाडचा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो : २० मार्च १९२७, चवदार तळं, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायलं. त्याच्या मागचा-पुढचा भाग बहुतेकांना माहीत नसतो, मलाही नव्हता. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला की सरकारी पैशातून बांधलेले वा चालवले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तो मंजूर झाला. त्याला धरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं. म्हणजे सत्याग्रह झाला तेव्हा लोक कुठला नियम मोडत नव्हते. नगरपालिकेनेच केलेला नियम वापरून बघत होते.

त्या दिवशी परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. नंतर शेण, गोमूत्र वगैरे घालून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

रीतसर, ठराव करून. एका ठरावाने पाणी दिलं, दुसऱ्या ठरावाने काढून घेतलं. दोन्ही वेळा प्रक्रिया झाली होती. आणि ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता, त्यांचं त्या सभागृहात जवळपास काही चालत नव्हतं. त्या काळी मतदानाचा हक्क मालमत्तेशी आणि कराशी बांधलेला होता.

आमच्या ग्रुपमध्येही एकही मावशी नाही. एकही डिलिव्हरीवाला नाही. ४१ अधिक ५ म्हणजे ४६. या शेहेचाळीसांपैकी एकालाही तो नियम लागू नव्हता.

इथे मला पहिल्यांदा दोन्ही पोलमधलं साम्य दिसलं. बॅचलरवाल्या नियमाला मत देणाऱ्या अडतीस जणांच्या घरी रात्री बारालाही पाहुणे येऊ शकत होते. नियम करणारे एक, नियम पाळणारे दुसरे. आता, काही नियम थोड्याच लोकांवर पडतात आणि ते योग्यही असतं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स जातं, सगळ्यांचं जात नाही. पण ते त्याने केलेल्या गोष्टीसाठी जातं. मावशींनी लिफ्टमध्ये काय केलं होतं? आणि खरा प्रश्न गर्दीचा असता, तर 'सकाळी साडेआठ ते दहा मेन लिफ्टमधून सामान न्यायचं नाही, कुणीच नाही' असा नियम करता आला असता. तो मलाही लागला असता. कदाचित म्हणूनच तो कुणाला सुचला नाही.

यावर एक आक्षेप मी स्वतःलाच घेतला. मग काय, लोकांनी ठरवायचंच नाही? न्यायाधीशांनी ठरवायचं? त्यांना तर कुणी निवडूनही दिलेलं नसतं. आणि तेही शेवटी मतंच मोजतात. संसदेला संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, हा केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला तो ७ विरुद्ध ६ असा. बहुमताला मर्यादा आहे, हेसुद्धा एका मताच्या बहुमताने ठरलं. कोर्ट चुकतंही. २०१३ साली कलम ३७७ कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक लोक लोकसंख्येच्या मानाने अगदी थोडे आहेत, हाही मुद्दा मांडला होता. हक्क मागणारे किती आहेत, हे मोजून बघितलं होतं. २०१८ साली पाच न्यायाधीशांनी एकमताने ते दुरुस्त केलं. मधली पाच वर्षं लोक गुन्हेगार म्हणून जगले.

त्यामुळे 'कोर्ट बघून घेईल' हे उत्तर पुरत नाही. कोर्ट उशिरा येतं आणि आमच्या लिफ्टपर्यंत तर येतच नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संविधानिक नैतिकतेचा मुद्दा काढला. प्रशासनाचे बारीकसारीक तपशील संविधानात कशाला, या टीकेला ते उत्तर देत होते. ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन त्यांनी सांगितलं की ही नैतिकता माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. मी हे आधी वाचलं होतं. तेव्हा 'आपले लोक' म्हणजे मला सेक्रेटरी काका वाटले होते.

ती शिकायची म्हणजे काय, याचं उदाहरण मला परत महाडमध्येच सापडलं. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली. हजारो लोक तळ्यावर जायच्या तयारीने आले होते. पण काही सवर्णांनी तळं खासगी असल्याचा दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. त्या दिवशी त्या गावात संख्या बाबासाहेबांच्या बाजूने होती, न्यायही त्यांच्या बाजूने होता. तरी त्यांनी तळ्याचा सत्याग्रह पुढे ढकलला आणि खटला लढले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची पूर्वापार रूढी सिद्ध होत नाही, असं म्हणून दावा फेटाळला. जवळजवळ दहा वर्षं लागली. दुसऱ्याला 'दहा वर्षं थांब' असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही, आणि या गोष्टीतून मला तो धडा घ्यायचाही नाही. मला इतकंच दिसतं की हाताशी जोर असताना त्या माणसाने स्वतःला प्रश्न विचारला. माझ्या हाताशी जोर होता तेव्हा मी तीन सेकंद घेतले.

हरताना हक्क आठवणं सोपं आहे. सात जणांत असताना मी जे बोललो ते चूक नव्हतं. पण ते हक्कांबद्दल होतं की फक्त हरण्याबद्दल, हे मला दुसऱ्या पोलमध्ये कळलं.

मी भाडेकरू आहे, वार्षिक सभेत मला मत नाही. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये मात्र दिलेलं मत नंतर बदलता येतं. जुना पोल शोधून काढला आणि बदललं. ४० विरुद्ध ६. खाली लिहिलं की मी आधी 'सहमत' दाबलं होतं, विचार न करता, आणि गर्दीसाठी सगळ्यांना लागू होईल असा नियम करता येईल. तीन जणांनी अंगठा दिला. काकांनी लिहिलं, "पोल क्लोज झालाय बेटा." नियम अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना सांगितलं की त्या ठरवणाऱ्यांत मीही होतो. त्या कणीक मळत होत्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दादा, आम्ही सगळ्या बाया आठच्या आत वर येतो. नऊला लिफ्टला गर्दी होते ती तुमची ऑफिसवाल्यांचीच. आम्हाला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."