दोन नियुक्तिपत्रे आणि एक शब्द



क्षणभर असे समजा की, तुम्ही वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात, इंझोरी गावी राहता. घर कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या उत्पन्नावर चालते. तुमचा मुलगा वैमानिक झाला आहे. त्याने बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतले, २०० तासांचे उड्डाण पूर्ण केले, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा दिल्या आणि व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. या शिक्षणासाठी शेताचा एक तुकडा विकला गेला, नातेवाइकांकडून उसने पैसे घेतले गेले. आता त्याला एका लहान प्रादेशिक विमान कंपनीचे नियुक्तिपत्र आले. त्याने अब्बांशी बोलून होकार कळवला, करारावर सही केली. आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या कंपनीचे पत्र आले. वेतन जवळपास दुप्पट, विमान जेट, नाव मोठे.

त्या रात्री घरात काय बोलले जाईल? कोणी म्हणेल, अल्लाहने दार उघडले आहे, मागे वळून पाहू नकोस. कोणी म्हणेल, सही तर केली आहे, पण कंपन्या काय, रोज माणसे येतात आणि जातात. मुलगा गप्प बसेल. या प्रश्नाकडे इस्लामच्या शिकवणुकीतून कसे पाहावे, याचा विचार आज आपण करू.

ही केवळ कल्पना नाही

असे घर आज विरळा असेल, परंतु अशक्य राहिलेले नाही. केंद्र शासनाची ‘उडान’ योजना २०१६ साली जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली उड्डाणे झाली आणि त्यांत आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारे विमानही होते. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ पासून, तर गोव्यातील फ्लाय ९१ ही कंपनी २०२४ पासून लहान शहरांना जोडत आहे. ज्या वऱ्हाडात विमान केवळ आकाशात दिसत असे, तेथील मुलामुलींना ते चालवण्याची संधी दिसू लागली आहे. संधीबरोबर परीक्षाही येते. यांपैकी कोणती कंपनी बरी, हे सांगणे या लेखाचा हेतू नाही. निवड कोणत्या कसोटीवर करावी आणि निवड झाल्यावर माणसाने कसे वागावे, एवढाच प्रश्न आहे.

मदयनमधील करार

पवित्र कुरआनात नोकरीच्या कराराचा एक प्रसंग मोठ्या तपशिलाने आला आहे. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांची हकीकत वाचा. ते मिसर सोडून मदयनला आले, तेव्हा हाती काहीच नव्हते. पाणवठ्यावर त्यांनी दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले, मोबदला मागितला नाही, सावलीत जाऊन बसले आणि आपल्या पालनकर्त्यापुढे आपली गरज मांडली. पुढे त्या मुलींच्या वृद्ध पित्याने त्यांना बोलावले. एका मुलीने सुचवले की यांना कामावर ठेवावे, कारण कामाला ठेवण्यास तोच माणूस उत्तम, जो समर्थ आहे आणि विश्वासू आहे (२८:२६). मग अट ठरली. आठ वर्षे सेवा करायची. दहा पूर्ण केली तर ती मूसांची खुशी. मालकाने असेही सांगितले की, मी तुमच्यावर कठोर भार टाकू इच्छित नाही. दोघांनी अल्लाहला साक्षी ठेवले (२८:२७-२८).

या एका प्रसंगात आपल्या प्रश्नाची जवळजवळ सगळी अंगे आली आहेत. कामगाराकडे दोन गुण हवेत, सामर्थ्य आणि विश्वासूपणा. मुदत स्पष्ट हवी. मालकाने अन्याय करता कामा नये. आणि आठ वर्षे पुरेशी असताना मूसांनी (अ.) काय केले? सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे उत्तर आहे की, त्यांनी दोन मुदतींपैकी अधिक लांब मुदत पूर्ण केली. जो माणूस पुढे फिरऔनच्या दरबारात उभा राहणार होता, त्याने आधी वर्षानुवर्षे एका वृद्धाला दिलेला शब्द पाळला.

सहीपूर्वीच्या कसोट्या

शब्द देण्यापूर्वी माणूस मोकळा असतो. त्या मोकळेपणाचा पुरेपूर उपयोग करणे हे गैर नाही, कर्तव्य आहे. म्हणून पहिले पत्र हाती येताच होकार कळवण्याची घाई करू नये.

पहिली कसोटी हलालची. भारतातील देशांतर्गत विमानांत मद्य दिले जात नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत ते बहुधा दिले जाते. वैमानिक स्वतः ते देत नसला तरी ज्याच्या मनाला हा प्रश्न टोचतो, त्याने जाणकार आलिमांशी बोलावे. लहान मार्गांवरील नोकरीकडे या अंगानेही पाहता येईल.

दुसरी कसोटी अमानतीची. एटीआर विमानात सुमारे सत्तर प्रवासी बसतात. ते सगळे वैमानिकाच्या हाती सोपवलेली ठेव आहेत. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न इतका गंभीर आहे की, महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांची केली आणि २०२५ मध्ये हा नियम लागू झाला. तेव्हा नोकरी घेताना वेतनाआधी विचारावे की, ही कंपनी विश्रांतीचे नियम मनापासून पाळते का? मी थकलो आहे, आज उडवू शकत नाही, असे सांगणाऱ्या नवख्या वैमानिकाला तेथे कसे वागवतात? तेथे काम करणाऱ्या दोन-चार जणांशी बोलल्यास उत्तर मिळते. रमजानचाही येथे विचार करावा. प्रवाशाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत स्वतः अल्लाहने दिली आहे (२:१८५). ज्याच्या हाती सत्तर जिवांची जबाबदारी आहे, त्याने ती सवलत नाकारून चक्कर येण्याचा धोका पत्करणे ही परहेजगारी नव्हे.

तिसरी कसोटी कर्जाची. हदीसमध्ये आहे की, एका कर्जदाराचा जनाजा आला तेव्हा प्रेषित (स.) यांनी स्वतः नमाज पढवली नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या शिरावर घेतल्यावरच पढवली. ज्या घरावर शिक्षणाचे कर्ज आहे, तेथे अधिक वेतनाचा विचार करणे हा लोभ नव्हे. व्याजाच्या कर्जातून सुटण्याची निकड तर आणखी मोठी. मुलाला उगाच निरिच्छतेचे धडे देऊ नयेत.

चौथी कसोटी कराराच्या मजकुराची. विशिष्ट विमान चालवण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. ते खर्चिक असते. कंपनीने तो खर्च केला तर ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड ती लिहून घेते. तो ओळ न ओळ वाचावा. मध्येच सोडल्यास किती रक्कम द्यायची, पगार थकला तर काय, कंपनी बंद पडली तर काय, हे सहीपूर्वी विचारावे. देवाणघेवाण लिहून ठेवण्याची आज्ञा देणारी सूरह बकराची आयत (२:२८२) संपूर्ण कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. आपण तिच्याकडे किती लक्ष देतो?

पाचवी कसोटी अनुभवाची. ती तुम्हाला कदाचित सर्वांत लहान वाटेल, पण वैमानिकाच्या दृष्टीने लहान नाही. विमान कंपनीत विमानाचा कॅप्टन होण्याची वाट १५०० उड्डाणतासांवर मिळणाऱ्या पुढच्या परवान्यातून जाते. लहान मार्गांवर दिवसातून अनेकदा विमान उतरवावे लागते, हात लवकर बसतो. मोठ्या कंपनीत रांग लांब असू शकते. दोन्हीकडे नफा आहे, दोन्हीकडे तोटा आहे.

एवढे सगळे तोलून झाले की जाणत्यांशी मशवरा करावा आणि इस्तिखाराची नमाज पढावी. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) ही दुआ सहाबांना कुरआनाच्या सूरहप्रमाणे शिकवत असत. मात्र इस्तिखारा म्हणजे स्वप्नाची वाट पाहणे नव्हे. चौकशी करून, विचार करून, निर्णय अल्लाहच्या स्वाधीन करणे म्हणजे इस्तिखारा.

सहीनंतर

आता इंझोरीच्या त्या घराकडे परत या. तेथे मुलगा सही करून बसला आहे आणि दुसरे पत्र समोर आहे. आता वरील कसोट्यांचा क्रम बदलतो. आता पहिला प्रश्न दिलेल्या शब्दाचा आहे.

सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे. वचन मोडणे हे दांभिकाचे एक लक्षण हदीसमध्ये सांगितले आहे. फिकहच्या विद्वानांनी नुसता वायदा आणि बांधलेला करार यांत भेद केला आहे. वायद्याच्या कायदेशीर बंधनाबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत. पण येथे सही झाली आहे. कंपनीने त्याच्या भरवशावर प्रशिक्षणाची जागा राखली असेल, दुसऱ्या उमेदवाराला नकार दिला असेल. तो नाकारलेला उमेदवारही कोणाचा तरी मुलगा आहे.

२०२३ साली अकासा एअर या नव्या कंपनीने न्यायालयात सांगितले की, ४३ वैमानिक नोटीस कालावधी पूर्ण न करता निघून गेले. उड्डाणे रद्द झाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. कायद्याच्या बाजू दोन्हीकडे असतात आणि त्यांचा निवाडा न्यायालयाचे काम आहे. आपण एवढेच पाहावे की, अचानक रिकाम्या झालेल्या एका खुर्चीमागे केवढे लोक खोळंबतात. कोणी रुग्णाला घेऊन निघालेला असतो, कोणी जनाजाला पोहोचू पाहत असतो. म्हणूनच महासंचालनालयाने २०१७ साली सहवैमानिकासाठी सहा महिन्यांचा आणि कॅप्टनसाठी एक वर्षाचा नोटीस कालावधी ठरवला.

तर मग त्या मुलाने दुसऱ्या पत्राचा विचारही करू नये का? करावा, पण दाराने बाहेर पडून, भिंतीवरून उडी मारून नव्हे. त्याने पहिल्या कंपनीला खरे सांगावे आणि मोकळे करण्याची विनंती करावी. त्यांनी संमती दिली तर प्रश्न मिटला. करारातच सोडण्याची अट असेल तर ती अक्षरशः पाळावी, नोटीस पूर्ण करावी, ठरलेली रक्कम द्यावी. याला वचनभंग म्हणता येणार नाही. कंपनी पगार बुडवत असेल किंवा सुरक्षेचे नियम मोडण्याचा आग्रह धरत असेल, तर प्रश्नच वेगळा. मदयनच्या मालकाने कठोर भार न टाकण्याचा शब्द दिला होता, हे विसरू नये. करार दोघांना बांधतो.

परंतु यांपैकी काहीच नसेल, कंपनी प्रामाणिक असेल आणि ती सोडण्यास तयार नसेल, तर त्या मुलाने पहिल्याच कंपनीत जावे. आजारपणाचे खोटे कारण सांगून, फोन बंद ठेवून दुसरीकडे रुजू होऊ नये.

याची किंमत खरी आहे. वेतनात दरवर्षी लाखोंचा फरक पडेल. विमान कंपन्यांत ज्येष्ठतेला महत्त्व असते, तीन वर्षे उशिरा गेलेला मागे राहतो. कर्ज फेडण्यास वेळ लागेल. शब्द पाळल्याबद्दल अल्लाह याच जगात दुप्पट पैसे देईल, असे खात्रीचे आश्वासन मी तुम्हाला देणार नाही. बद्रच्या वेळी हजरत हुजैफा (रजि.) आणि त्यांच्या पित्याला कुरैशांनी अडवले आणि युद्धात भाग न घेण्याचा शब्द घेऊन सोडले. मुस्लिमांचे सैन्य जेमतेम ३१३ होते, समोर सुमारे हजार. एकेक माणूस मोलाचा होता. तरीही प्रेषित (स.) यांनी त्या दोघांना दिलेला शब्द पाळण्यास सांगितले आणि मदत अल्लाहकडे मागितली. शत्रूला दिलेला शब्द जर असा पाळला गेला, तर नोकरी देणाऱ्याला दिलेला शब्द वेतनाच्या फरकासाठी कसा मोडावा?

रोजी कोणाच्या हाती

मोठे नाव म्हणजे पक्की रोजी, या समजुतीचेही एकदा परीक्षण करा. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. नांदेडहून ‘उडान’चे पहिले विमान नेणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. आपल्या कारंज्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे कित्येक पिढ्यांनी पाहिली. आज ती धावत नाही. कंपनी हे रोजीचे साधन आहे. रोजी देणारा अल्लाह आहे. हे खरोखर मान्य असेल, तर साधनासाठी देणाऱ्याची आज्ञा मोडणे शहाणपणाचे कसे ठरेल?

शेवटी एक विनंती आई-वडिलांना. त्या रात्री मुलगा गप्प बसला होता. तो तुमच्या तोंडाकडे पाहत होता. त्याला विमान कसे चालवावे हे तुम्ही शिकवू शकत नाही. परंतु ढगाळ हवेत, धावपट्टी दिसत नसताना, प्रवासी घाईत असताना आणि वरिष्ठ दबाव आणत असताना परत फिरण्याचा निर्णय घ्यायला जे बळ लागते, ते प्रशिक्षण केंद्रात पुरते मिळत नाही. नुकसान दिसत असूनही योग्य तेच करण्याची सवय घरात लागते. तुम्ही आज त्याला म्हणालात की, बेटा, शब्द दिला आहेस ना, मग जा, कर्जाचे आपण सगळे मिळून पाहू, तर उद्या त्याच्या विमानात बसणाऱ्या अनोळखी माणसांवरही तुमचे उपकार होतील.

अल्लाह आपल्या मुलामुलींना सामर्थ्य आणि विश्वासूपणा दोन्ही देवो, हलाल रोजी देवो, आणि दिलेला शब्द पाळण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.