अडकलेला नांगर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी कॅम्पातल्या सत्संगात विषय निघाला नांगराचा. आपल्याकडं नांगर म्हटलं की शेतच आठवतं, पण जहाज थांबवतात तोही नांगरच. आपण बहुतेक जण आंबोली घाट उतरून मालवणला जाऊन आलोय. तिथं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जुने दगडी नांगर मिळालेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

लांबट दगडी खांब. वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक, खाली दोन चौकोनी भोकं, एकमेकांना काटकोनात. त्यांतून लाकडी दांडे आरपार घालायचे. दांडे तळाच्या वाळूत रुतायचे, दगडाचं वजन त्यांना दाबून धरायचं. असेच नांगर अरबस्तानाकडं अन् पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही सापडतात, इतका तो व्यापार पसरलेला. (आपण समुद्रापासून लांब आहोत असंही समजू नका. निपाणीजवळच, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४० च्या दशकात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती निघाली!)

नाम हा आपला नांगर, घट्ट धरा, असं आपण नेहमी म्हणतो. खरंच आहे ते. पण द्वारकेच्या समुद्रात शंभरावर दगडी नांगर सापडलेत, कित्येक खडकाच्या कपारीत अडकलेले. वर येईना तेव्हा खलाशांनी दोर तोडला असणार. नांगर घडवायला किती दिवस लागले असतील! तरी तो तिथंच सोडून माणसं घरी गेली.

हे ऐकलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा जर्मनीला आहे. (त्यांना विचारूनच लिहितोय.) दर गुरुवारी आपल्या आरतीच्या वेळी त्यानं व्हिडिओ कॉलवर यायचं, असा त्यांचा नेम. त्याच्याकडं तेव्हा दुपार, ऑफिस चालू. दोन महिने झाले, तो फोनच उचलत नाही. ‘आग्रह सोडू नका, संस्कार सुटतील,’ असं त्यांना सांगणाऱ्या आम्हीच होतो. नाम कुठं अडकलं होतं? अडकला होता तो आमचा हट्ट, आणि आम्ही त्यालाच श्रद्धा म्हणत होतो.

आम्ही ताईंची क्षमा मागितली. त्या रविवारी त्याला सवडीनं फोन करणार आहेत, आरतीचा विषय न काढता. मग बोलायचं काय, ते अजून सुचत नाही म्हणतात.