पैशाला मुदत नसते

मुदत मालाला असते. दूध नासतं, औषधाचा गुण उतरतो. गल्ल्यात आधीच जमा झालेले हजार रुपये कशानं नासणार?

लग्नसराई आटोपली की अमळनेरच्या घराघरांत आहेराची पाकिटं उघडतात. हल्ली नोटांबरोबर त्यांतून गिफ्ट व्हाउचरही निघतं. पुढे सोनेरी नक्षी, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत शेवटची तारीख. घरातली बाई ते कपाटात जपून ठेवते. चांगली वस्तू चांगल्या प्रसंगाला काढायची, हे तिचं वळण. प्रसंग येतो तेव्हा काउंटरवरचा मुलगा कागद उलटासुलटा करून म्हणतो, ‘‘सिस्टिम घेत नाही, काकू.’’ काकू ओशाळतात. ओशाळायला हवं ते दुकानानं, कारण पैसे घेऊन माल द्यायचा राहिलाय त्याच्याकडून.

आगाऊ घेतलेला पैसा हे कर्जच. आपलं कर्ज कोणत्या दिवशी बुडणार, ती तारीख कर्जदारानंच छापायची, ही कुठली रीत?

याच गावाला दुसराही एक कागद ठाऊक आहे. 29 डिसेंबर 1945 ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली, तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरात उभा राहिला आणि पुढे तिचीच विप्रो झाली. तिचे शेअर इथल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. आजोबा गेले, पत्ता बदलला, लाभांश कुणी उचललाच नाही, असं सलग सात वर्षं झालं तर ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. जातात, बुडत नाहीत. वारसानं कागदपत्रं जोडून अर्ज केला की परत मागता येतात. हेलपाटे पडतात, पण हक्क शाबूत राहतो. माणूस विसरतो, हे तिथे कायद्यानं गृहीत धरलंय.

व्हाउचरच्या बाबतीत ही समज अर्धीच पोचली. अनेक दुकानांत चालणाऱ्या प्रीपेड गिफ्ट कार्डाला किमान एक वर्षाची मुदत हवी, ती संपण्याआधीच्या 45 दिवसांत धारकाला सावध करायला हवं, आणि मुदत उलटल्यावरही त्यानं मागितली तर शिल्लक त्याच्या बँक खात्यात द्यायला हवी, असं रिझर्व्ह बँकेचे 27 ऑगस्ट 2021 चे निर्देश सांगतात. एकाच दुकानाचं स्वतःचं कूपन मात्र या चौकटीबाहेर. आणि आहेरात येतं ते बहुधा तेच.

तिथे आधार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. ‘व्हाउचर तुम्ही कुठे घेतलंत?’ या प्रश्नानं गप्प बसू नये. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणाराही ग्राहकच. व्हाउचर पुण्याचं असलं तरी अमळनेरकराला तक्रार जळगावच्या जिल्हा आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. आधी 1915 वर फोन करावा. तक्रारीलाही दोन वर्षांची मुदत आहे. पण उशिराचं सबळ कारण पटलं, तर आयोग त्यानंतरही ती दाखल करून घेऊ शकतो.