सभेतील मौन आणि नवदीक्षितांचे प्रश्न



गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचनानंतर अर्धा तास शंकासमाधान. दीक्षा घेऊन जेमतेम चार महिने झालेली एक भगिनी त्या दिवशी प्रथमच उठून उभी राहिली. पदर सावरीत तिने विचारले, "घरातले देव काढले. पण सासूबाईंनी टाक पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलेत. म्हणतात, माझ्या डोळ्यांदेखत नदीत टाकू नका. मी काय करू?"

तिचे बोलणे पुरे होण्याआधीच एक जुने कार्यकर्ते कडाडले, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशाला? एवढेही कळत नसेल तर दीक्षा घ्यायचीच नव्हती!" दोघेतिघे हसले. ती खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही, तिचे यजमान आले नाहीत आणि मुलेही आली नाहीत.

त्या सभेत मी होतो. वर्गात पोरांना बोलते करण्याचा पगार घेणारा मी शिक्षक, पण तिथे गप्प बसलो. आपण ज्येष्ठांचा मान राखला, अशी मी मनाची समजूत घातली. ही समजूत धम्माच्या कसोटीला उतरते काय?

ज्या धर्मातून आपण बाहेर पडलो, त्यात आपल्याला विचारण्याचा अधिकार नव्हता. देवळाबाहेर उभे राहून ऐकायचे आणि बुवा सांगेल त्यावर मान डोलवायची. ही सवय दीक्षाविधीच्या एका दिवसात सुटत नाही. म्हणून नवा माणूस विहारात येतो तो एक तर तोंड मिटून बसतो, नाही तर भन्तेजींना मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारतो. त्यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या आजोबांनीही तेच विचारले असेल.

संघात मौनाचा अर्थ वेगळा होता. कोणाला उपसंपदा द्यायची असली की प्रस्ताव संघापुढे मांडला जाई आणि तो तीन वेळा पुकारला जाई. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असा नियम होता. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मते मोजली जात. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत भाषण करताना भिक्खू संघाच्या याच कार्यपद्धतीची आठवण देशाला करून दिली होती. संसदीय कामकाजाचे नियम या भूमीला परके नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा त्या संध्याकाळी मी मान राखला नाही, मत दिले. ते त्या भगिनीच्या विरुद्ध पडले.

त्या ज्येष्ठांची बाजूही सांगितली पाहिजे. 1956 नंतर त्यांच्या वडिलांनी देव विहिरीत टाकले आणि गावकीची कामे सोडली. तेव्हा गावाने त्यांना किराणा देणे बंद केले होते. एवढी किंमत मोजलेल्या घरातल्या माणसाला माळ्यावरचा डबा सलणारच. प्रतिज्ञा सैल करा, असे मीही म्हणणार नाही. पण तिने देव पुजण्याची परवानगी मागितली नव्हती. प्रतिज्ञा पाळताना म्हाताऱ्या माणसाचे मन किती दुखवावे, हा तिचा प्रश्न होता आणि तो धम्माचाच प्रश्न आहे. निगंठांचा अनुयायी असलेला उपाली गृहपती तथागतांना शरण आला, तेव्हा तथागतांनी त्याला आधी नीट विचार करायला सांगितले. त्याच्या दारी येणाऱ्या निगंठांचे अन्नदान बंद करू नकोस, असेही बजावले. अन्न देणे आणि टाक ठेवणे एक नव्हे, हे खरे. पण नव्याने आलेल्याचे जुने धागे कसे हाताळावे, याची दिशा त्यात दिसते.

दुसऱ्याचा दोष दाखवायचाच तर योग्य वेळी, खरे तेच, मृदू शब्दांत, त्याच्या हितासाठी आणि मैत्रीच्या भावनेने दाखवावा, अशा पाच अटी तथागतांनी घातल्या आहेत. त्या दिवशीचे वाक्य या पाचांपैकी किती अटींत बसते, ते वाचकांनीच पाहावे. नव्यांनाही सांगायचे आहे. दुसऱ्याचे वाचन चालू असताना मध्ये बोलू नये, घरातले भांडण निवाड्यासाठी सभेत आणू नये. पण मनातली शंका मात्र खुशाल विचारावी, मग ती कितीही साधी असो.

वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू पवारणा करतात. माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, असे प्रत्येक जण संघाला विनवतो. पहिली पाळी सर्वांत ज्येष्ठाची असते. खुद्द तथागतांनीही भिक्खूंना असे विचारल्याची नोंद संयुत्त निकायात आहे. आश्विन पौर्णिमेला आमच्या विहारात मी उठलो आणि माझे मौन चुकले, एवढेच सांगितले. ते ज्येष्ठ काही बोलले नाहीत. सभा संपल्यावर मात्र त्यांनी मला त्या भगिनीचे घर कुठे आहे ते विचारले.

आम्ही दोघे गेलो. सासूबाईंनी चहा दिला. डब्याविषयी कोणी बोलले नाही. निघताना ती भगिनी म्हणाली, "येईन, पण सर, दारापाशीच बसेन."

ती आता येते. अजून दारापाशीच बसते.