केवढ्याला पडलं?

आईला वस्तूची खरी किंमत सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. साडेचार हजारांचे बूट 'सेलमध्ये बाराशेला' मिळतात, मिक्सर 'ऑफिसच्या कूपनवर' येतो, बाबांच्या घड्याळाची पावती तर आपल्या घरच्या कचऱ्याच्या डब्यातसुद्धा टाकत नाहीत. नोकरीला लागलेल्या आमच्या पिढीची ही ठरलेली रीत आहे. त्याला आपण खोटं म्हणतच नाही. एक आकडा इकडे-तिकडे केला, बास.

वस्तूंचं एक वेळ ठीक आहे. मिक्सर दहा वर्षं फिरतो, नंतर कधीतरी कळलं तरी तोवर पैसे वसूल झालेले असतात. जेवणाचं तसं नाही. ते दीड तासात संपतं. त्यामुळे आईबाबा माझ्याकडे नेदरलँड्सला आले, पॅरिसला जायचं ठरलं आणि आयफेल टॉवरवरच्या जेवणाचं बुकिंग करायला मी बसले, तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा नीट समोर आला.

टॉवरवर दोन मोठी रेस्टॉरंट्स आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या 'ल ज्यूल व्हर्न'ला मिशेलिनचे तारे आहेत, तिकडे मी फिरकलेच नाही. पहिल्या मजल्यावरचं 'मादाम ब्रासरी' जमिनीपासून 57 मीटरवर. तिथलं रात्रीचं जेवण, तेही खिडकीजवळचं टेबल धरून, तिघांचे मिळून चाळीस हजार रुपयांच्या आसपास जात होते. पैसे बुकिंग करतानाच कापले जाणार. म्हणजे टेबलावर बिल येणार नाही, बाबा चष्मा शोधणार नाहीत. लपवायला इतकी सोपी सोय दुसरी नाही.

आणि का लपवू नये? एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आई शेअर रिक्षा सोडून स्टँडवर पाऊण तास थांबते. तिला चाळीस हजार सांगितले तर घास उतरेल का? शिवाय तिनेही आयुष्यभर हेच केलं. आंब्याच्या फोडी आम्हाला दिल्या आणि म्हणाली, मला बाठाच आवडतो. तिचं खोटं आपल्याला प्रेमाचं वाटतं, मग आपलं का नाही?

कांटला विचारलं तर उत्तर सरळ आहे. दारात खुनी उभा राहून तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असेल, तरी खोटं बोलायचं नाही, असं त्याने 1797 साली लिहून ठेवलंय. पण आई काही खुनी नाही, ती फक्त 'केवढ्याला पडलं?' विचारते. मला कांटपेक्षा पेरू देशातल्या एका मेनूकार्डाने जास्त विचारात पाडलं.

लिमा शहरात समुद्रात बांधलेल्या धक्क्यावर 'ला रोसा नाउतिका' नावाचं रेस्टॉरंट आहे. पर्यटक आवर्जून जातात तिथे. जोडपं आलं की पुरुषाला निळं मेनूकार्ड मिळायचं, त्यात किमती असायच्या. बाईला सोनेरी कार्ड मिळायचं, त्यात पदार्थ तेच, किमती नाहीत. 2019 मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने हा भेदभाव ठरवून रेस्टॉरंटला सुमारे 62 हजार डॉलरचा दंड केला. रेस्टॉरंटचं म्हणणं काय होतं? बाईला खर्चाची चिंता न करता संध्याकाळ मजेत घालवता यावी, म्हणून.

हे वाचून मला आधी चीड आली आणि मग जरा गप्प व्हायला झालं. कारण आईसाठी मी जे कारण शोधलं होतं, ते शब्दाशब्दाने हेच होतं.

फरक आहे, नाही असं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डार्क पॅटर्न म्हणतो, त्यात किंमत लपवणाऱ्याचा खिसा भरतो. आधी 999 दाखवायचे आणि पैसे भरायच्या पानावर आणखी तीन शुल्कं चढवायची. अशा 13 प्रकारांबद्दल भारतात 2023 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. माझ्या बाबतीत किंमत लपवणारीचाच खिसा रिकामा होणार होता. मग यात नुकसान कुणाचं?

मला वाटतं, नुकसान पैशाचं नाहीच. किमतीचं कार्ड ज्याच्या हातात, त्याच्या हातात घर असतं. आमच्या घरात ते पंचवीस वर्षं आईच्या हातात होतं. दूध, सिलिंडर, माझी इंजिनिअरिंगची फी, सगळं तिच्या लांबट वहीत. बाबा पगार आणून द्यायचे, पण काय परवडतं हे आई सांगायची. आता पैसे युरोत आहेत, बुकिंग माझ्या फोनवर आहे, पानावरची भाषा तिला येत नाही. निळं कार्ड आपोआप माझ्याकडे आलंय, कुणी दिलेलं नाही. मी आकडा लपवला असता तर ती स्वतःच्याच घरात पाहुणी झाली असती. आणि ही सवय जेवणापाशी थांबत नाही. आज बिलातला आकडा, उद्या फ्लॅटचा हप्ता, परवा डॉक्टरच्या रिपोर्टमधला. 'त्यांना कशाला टेन्शन' या वाक्याने आपण आईबाबांना किती लवकर म्हातारं करतो!

म्हणून बटण दाबायच्या आधी दोघांना समोर बसवून सांगायला लागले. तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब, मला आकडा सांगू नकोस. तू ठरव, मी येतो. एकदा ऐकला की मग मी जेवणार नाही, मोजत बसेन."

मला हे फार आवडलं. कांटने काय म्हटलं असतं कोण जाणे, पण माझ्या दृष्टीने बाबा आणि लिमातली ती बाई यांच्यात सगळा फरक इथे आहे. बाबांनी सोनेरी कार्ड मागून घेतलं. तिला विचारलंच नव्हतं.

आईने मात्र आकडा ऐकला. मनात भागाकार केल्यासारखे ओठ हलवले आणि विचारलं, "दुपारचं जेवण स्वस्त असेल ना?"

होतं.

"मग दुपारी जेवू. रात्री खालनं दिवे बघू. वर बसून टॉवर कुठे दिसणार आहे?"

मोपासाँबद्दल अशीच एक गोष्ट सांगतात. 1887 मध्ये लेखक-कलावंतांनी या टॉवरच्या विरोधात पत्र काढलं, त्यावर त्याचीही सही होती. टॉवर उभा राहिल्यावर मात्र तो तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायचा, का तर अख्ख्या पॅरिसमध्ये टॉवर दिसत नाही अशी ती एकच जागा. आईने मोपासाँ वाचलेला नाही. तिला फक्त खरी किंमत ठाऊक होती, म्हणून ती खिडकीच्या पलीकडचा विचार करू शकली.

पण खरं सांगण्याचीही किंमत असते आणि ती कुणी माफ करत नाही. दुपारी टेबलावर आईने काट्याने बटाट्याचा तुकडा उचलला, निरखून बघितला आणि म्हणाली, "एवढा घास दीडशेचा गं." तिचं सगळं जेवण असं घासाघासाने गेलं. शेजारी बाबा सीन नदीकडे बघत निवांत जेवत होते, पाव संपला तर त्यांनी हाताने खूण करून आणखी मागवला. दोघांपैकी जास्त मजा कुणाला आली, हे सांगायची गरज नाही. रात्री त्रोकादेरोच्या पायऱ्यांवर बसलो. तासाचा ठोका पडला आणि टॉवर पाच मिनिटं चमचमला, तेव्हा मात्र आई मोजत नव्हती.

घरी परतल्यावर शेजारच्या काकूंना फोटो दाखवताना मी व्हिडिओ कॉलवर होते. काकूंनी विचारलंच, "केवढ्याला पडलं हो हे जेवण?"

"छे हो," आई म्हणाली, "विमानाच्या तिकिटातच होतं ते."